चाबुकस्वार आणि सारथी

बुद्धवंदनेत तथागतांच्या गुणांचे जे स्मरण आपण नित्य करतो, त्यात ‘पुरिसदम्मसारथी’ असा एक शब्द येतो. या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओठांवरून तो हजारो वेळा गेला असेल. शिकवणीस योग्य अशा माणसांना वळण लावणारा सारथी, असा त्याचा अर्थ. हा शब्द मुळात अश्वशाळेतला आहे. पालीत ‘अस्सदम्म’ म्हणजे ज्याला शिकवायचे तो घोडा आणि ‘अस्सदम्मसारथी’ म्हणजे त्याला शिकविणारा. माणूस घडविण्याची कला समजावून सांगताना त्या काळच्या लोकांना शस्त्र घडविणारा लोहार किंवा मडके थापणारा कुंभारच तेवढा आठवला नाही; त्यांना घोडा शिकविणाराही आठवला. लोखंड आणि माती यांना भीती नसते. घोड्याला असते. म्हणून ही उपमा अधिक खोल आहे.

मराठीत याच कामासाठी जुना शब्द आहे ‘चाबुकस्वार’. नवे शिंगरू स्वारीसाठी तयार करून देणारा तो चाबुकस्वार. काम एकच, परंतु एका भाषेने त्या माणसाला रथ हाकणाऱ्या हातावरून ओळखले, दुसऱ्या भाषेने हातातल्या चाबकावरून. या दोन शब्दांमध्ये जे अंतर आहे, त्याविषयी हा लेख आहे. मार खाऊन बुजलेल्या शिंगराचा विश्वास पुन्हा कसा मिळतो, हा त्याचा विषय. आणि आपल्या समाजाने हा प्रश्न इतरांपेक्षा अधिक आस्थेने विचारला पाहिजे, हे त्याचे प्रतिपादन.

आपला समाज आणि घोडा यांचे नाते साधे नाही. जुन्या गावगाड्यात गावी येणाऱ्या अंमलदाराच्या घोड्याला वैरणपाणी करणे हे महारांच्या वाट्याला आलेल्या कामांपैकी एक होते. घोड्याला चारणारा हात आपला आणि रिकिबीतला पाय दुसऱ्याचा, अशी ती व्यवस्था. ज्याने खरारा केला, त्याने त्याच पाठीवर बसून गावातून जावे हे मात्र गावाला सोसत नसे. ही गोष्ट केवळ पूर्वजांच्या काळापुरती राहिली असती तर बरे झाले असते. परंतु उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी २०१८ साली एका दलित नवरदेवाची वरात मोठ्या पोलीस बंदोबस्तात काढावी लागली. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत नोंदवावा लागला. स्वतंत्र देशाच्या संसदेला घोड्यावर बसण्याचा हक्क कायद्यात लिहून ठेवावा लागतो, यावरून त्या हक्काची किंमत कळावी.

म्हणून आपल्याकडच्या वरातीतली घोडी म्हणजे निव्वळ हौस, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. १९२७ सालच्या नोव्हेंबरात अमरावतीत अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. त्याच वर्षी महाडला चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले गेले. पाणी, रस्ता, देऊळ, सभा, वाहन आणि घोडा या सर्व ठिकाणी प्रश्न एकच होता : सार्वजनिक जीवनात माणूस म्हणून ताठ मानेने वावरण्याचा. त्या लढ्याचे स्मरण आपल्या मनात असते, म्हणूनच मिरवणुकीतला घोडा आपल्याला सुखावतो.

परंतु त्या घोड्याच्या तोंडात काय आहे, हे आपण पाहिले आहे काय?

लग्नसराईत अकोला-अमरावतीच्या रस्त्यांवर जी घोडी दिसते, तिचा प्रवास बहुधा दुरून झालेला असतो. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याचा दत्तजयंतीचा बाजार, नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, अशा ठिकाणी घोड्यांची खरेदी-विक्री होते. कळपातून आणि आईपासून तुटलेले एखादे शिंगरू ट्रकमध्ये उभे राहून परक्या गावी येते. तेथे त्याला लवकर कामाला लावण्याची घाई असते, कारण हंगाम थोड्या महिन्यांचा आणि चंदी-चाऱ्याचा खर्च बारा महिन्यांचा. मग ज्या जनावराची हाडे अजून पुरती भरलेली नाहीत त्याच्या पाठीवर भार येतो. गर्दीत आवरता यावे म्हणून तोंडात काटेरी लगाम चढतो. वाजंत्रीवर पाय उचलावेत म्हणून छडी चालते. त्यात डीजेच्या भिंती, कानाशी फुटणारे फटाके आणि एप्रिलचे ऊन. वऱ्हाडात त्या महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जाणे काही नवे नाही. लोक टाळ्या वाजवितात, घोडा नाचतो आहे असे म्हणतात. पुष्कळदा ते नाचणे नसते; पळून जाता येत नाही म्हणून जागच्या जागी केलेली तडफड असते.

कायदा या बाबतीत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० सालचा आहे. ओढकाम व भारवाही प्राण्यांसंबंधीच्या १९६५ च्या नियमांत घोडा हाकण्यासाठी वा स्वारीसाठी काटे, गाठी किंवा टोकदार भाग असलेला लगाम वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. जेथे तापमान ३७ अंशांच्या वर जाते, तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात अशा प्राण्यांकडून गाडी ओढवून किंवा ओझे वाहवून घेऊ नये, असेही त्याच नियमांत आहे. मात्र १९६० च्या अधिनियमातील कलम ११ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये एवढाच. पन्नास रुपयांच्या भयाने कोणाच्या हातातली छडी गळून पडत नाही. येथे कायद्याच्या पुढे जाऊन समाजाच्या विवेकालाच काम करावे लागेल.

असा दुखावलेला घोडा पुन्हा माणसाजवळ येऊ शकतो काय? येऊ शकतो. पण त्यासाठी घोडा म्हणजे काय हे आधी समजले पाहिजे. तो शिकार होणाऱ्यांच्या कुळातला प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. नेमके कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे मात्र दिसत नाही. संकट आले की आधी पळायचे आणि मग पाहायचे, हा त्याचा जन्मजात नियम. ज्या ठिकाणी, ज्या आवाजात, ज्या माणसाच्या हातून वेदना झाली ते तो सहजासहजी विसरत नाही. म्हणून मार खाल्लेल्या शिंगरासमोर आपण माया करण्यासाठी हात उचलला तरी त्याला तो मारण्यासाठी उचललेलाच दिसतो. ते मान झटकते, कान मागे पाडते, दुगाणी झाडते. मालक म्हणतो, घोडे खोडकर आहे. वस्तुतः ते आठवणीप्रमाणे वागत असते.

पहिले काम वैद्याचे आहे. तोंडातली जखम, वाढलेले दात, दुखरा खूर, पोटातले जंत, पाठीवरचे व्रण यांची तपासणी झाल्याशिवाय स्वभावाविषयी बोलू नये. पुष्कळ ‘खोडी’ म्हणजे न सांगता आलेले दुखणे असते. अकोल्यात पशुवैद्यक शास्त्राची पदव्युत्तर संस्था आहे. वऱ्हाडातील घोडेवाल्याला सल्ल्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

दुसरे काम वेळेचे आणि सातत्याचे. तोच माणूस, तीच वेळ, तोच आवाज, तीच चंदीची बादली. पहिले काही दिवस त्याच्याकडून काहीही मागायचे नाही. समोरून डोळ्यांत पाहत चालून जायचे नाही; खांद्याच्या दिशेने, तिरके, सावकाश जायचे. शिंगराने मान उंचावली, अंग आखडले, की तेथेच थांबायचे. त्याने श्वास सोडला, मान खाली केली, कान आपल्याकडे वळविला, की आपण एक पाऊल मागे घ्यायचे. नवख्या माणसाला हे मागे येणे चमत्कारिक वाटते. पण सगळी किल्ली तेथेच आहे. आपण शांत राहिलो तर समोरचा माणूस दूर होतो, आपले म्हणणे त्याला कळते, हा अनुभव त्या जनावराला जन्मात प्रथमच येत असतो. ज्याच्या ‘नको’ला कधी किंमत मिळाली नाही, त्याच्या ‘हो’ला अर्थ नसतो. त्याला दूर जाण्याची मोकळीक दिल्याशिवाय त्याचे जवळ येणे हे खरे येणे ठरत नाही.

पुढे स्पर्श. तोंडाला आणि कानांना हात लावण्याची घाई करू नये. वेदना तेथेच झालेली असते. आयाळ जेथे संपते त्या खांद्यावरच्या उंचवट्यापाशी घोडे एकमेकांना दातांनी खाजवितात, मैत्री करतात. त्या जागी खाजविले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले. रेन येथील संशोधकांनी २०१० साली कोवळ्या वयाच्या घोड्यांवर केलेला अभ्यासही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यांना शिकविताना खाऊ देऊन शाबासकी दिली, ते लवकर शिकले. एवढेच नव्हे, तर काही महिन्यांनंतरही माणसाजवळ आपण होऊन येत राहिले. चांगल्या वागणुकीची आठवणही टिकते, हा केवढा मोठा दिलासा! भीती पुरती पुसली जात नाही, पण तिच्यावर चांगल्या अनुभवांचे थर चढविता येतात.

मग मोहरकी, मग तिच्यासकट चालणे, मग पाठीवर नुसते पोते, आणि लगाम लागलाच तर अगदी शेवटी व गुळगुळीत. एखाद्या दिवशी दूर कोठे फटाका वाजतो आणि तीन आठवड्यांची कमाई क्षणात गेल्यासारखी वाटते. तेव्हा रागावून उपयोग नसतो. एक पायरी खाली उतरावे आणि पुन्हा सुरुवात करावी. दुसऱ्या वेळी ती पायरी लवकर चढली जाते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवरील ग्रंथात हेच सांगून ठेवले आहे. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये. बुजलेल्या घोड्याला मारून त्या वस्तूजवळ नेले तर त्याला ती वस्तूच दुःखाचे कारण वाटते आणि भय दुणावते, असे त्याचे निरीक्षण आहे.

त्याच्याही आधी भगवान बुद्धांनी शिंगराचे उदाहरण घेतले होते. मज्झिमनिकायातील भद्दालिसुत्तात कुशल अश्वशिक्षक जातिवंत शिंगराला आधी केवळ मुखबंधनाची सवय लावतो, असे वर्णन आहे. पूर्वी कधी न केलेले कराव्या लागल्याने ते चुळबूळ करते, धडपडते. परंतु नित्य आणि क्रमाक्रमाने केलेल्या सरावाने शांत होते. मगच पुढची गोष्ट, मग त्यापुढची. ‘नित्य’ आणि ‘क्रमाक्रमाने’ हे दोनच शब्द लक्षात ठेवले तरी पुरे.

त्याच सुत्तात आणखी एक उपमा आहे. तिच्याकडे आपले कमी लक्ष गेले आहे. एखाद्याचा एकच डोळा शाबूत असेल, तर त्याचे आप्त-मित्र तो उरलेला डोळा जिवापाड जपतात. तसाच एखादा भिक्षू केवळ थोड्याशा श्रद्धेवर आणि थोड्याशा प्रेमावर तग धरून असतो. त्याच्यावर वारंवार दडपण आणले तर तेवढीही श्रद्धा, तेवढेही प्रेम जाईल, असा विचार करून संघ त्याला जपतो. मार खाल्लेल्या शिंगराची स्थिती हीच असते. सगळा विश्वास गेलेला नसतो. तसे असते तर ते बादलीकडेही फिरकले नसते. उरलेला असतो एक डोळा. तो जपणे म्हणजेच विश्वास परत मिळविणे.

येथे कोणी विचारील, तथागतांनीच कठोर मार्गही मान्य केला नव्हता काय? अंगुत्तरनिकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाशी त्यांचा संवाद आहे. केसी म्हणतो, मी काही घोडे सौम्यपणे शिकवितो, काही कठोरपणे, काही दोन्ही मार्गांनी. आणि जो कशानेच शिकत नाही त्याला मारून टाकतो. तथागत म्हणतात, मीही तसेच करतो. केसी चकित होतो. जीवहिंसा तर आपल्याला मान्य नाही! तेव्हा ते उलगडून सांगतात. सौम्य मार्ग म्हणजे सदाचरण आणि त्याची चांगली फळे दाखविणे. कठोर मार्ग म्हणजे दुराचरण आणि त्याची कटू फळे दाखविणे. आणि मारणे म्हणजे त्या माणसाला सांगण्या-शिकविण्यास योग्य न मानणे. कठोरपणाची त्यांची सीमा शब्दाशी आणि सत्याशी संपते. तिच्यात छडी नाही. आणि ज्याच्याशी बोलणेच सोडले, त्याला मारलेच, असा त्या शेवटच्या वाक्याचा मला दिसणारा अर्थ आहे. शिक्षकाने आणि पालकाने तो रात्री निवांतपणे आठवावा.

घोडेवाले म्हणतील, लाडाने घोडे बिघडते. भर रस्त्यात ते उधळले तर जबाबदार कोण? शंका रास्त आहे. मोठ्या अंगाचे जनावर गर्दीत बेफाम झाले तर माणसे जखमी होतात. पण विश्वास म्हणजे लाड नव्हे. विश्वास असलेला घोडा थांब म्हटले की थांबतो, कारण त्या शब्दाचा अर्थ रोज एकच असतो. मारून शिकविलेला घोडा तोवर थांबतो, जोवर चाबकाची भीती इतर भीतींपेक्षा मोठी असते. फटाक्याची भीती चाबकापेक्षा मोठी झाली की तोच घोडा उधळतो. दुसरे असे की, पुरता मोडलेला घोडाही स्वस्थ उभा राहतो. त्याचा कान हलत नाही, डोळा कशाचा मागोवा घेत नाही. त्या स्वस्थतेला आपण ‘गरीब जनावर’ असे कौतुकाने म्हणतो. त्याने प्रतिकार सोडला आहे, कारण प्रतिकाराने काहीच बदलत नाही हे त्याला कळले आहे. आज्ञाधारकता आणि विश्वास बाहेरून सारखे दिसू शकतात. आतून त्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हे ओळखण्याची दृष्टी वऱ्हाडी माणसाला परकी नाही. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाला तुतारी लावत नाही. आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकतो. त्या मुक्या जिवाला दुखते आणि ते दुखणे आपल्या हातून झाले, याची कबुलीच त्या रीतीत आहे. प्रश्न एवढाच की एका दिवसाची तुतारीबंदी बैलाच्या ध्यानात राहते की उरलेल्या दिवसांची टोचणी? जनावराचा विश्वास सणावर उभा राहत नाही, रोजच्या दिवसावर उभा राहतो.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आपल्याच माणसांकडून येतो. अजून आपल्या लेकरांवर अन्याय होत असताना घोड्याचे दुःख कसले सांगता? या बोलण्यामागची वेदना मी जाणतो. परंतु करुणा ही कोठारातल्या ज्वारीसारखी नाही की घोड्याला एक पायली दिली म्हणून माणसाला कमी पडेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत समतेच्या प्रतिज्ञेबरोबरच सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञाही आहे. ज्या मुखाने आपण एक उच्चारली, त्याच मुखाने दुसरी. शिवाय ‘वठणीवर आणणे’ हा शब्दप्रयोग आपल्याला नीट ठाऊक आहे. पिढ्यान्‌पिढ्या गावाने तो आपल्यासाठी वापरला. दुसऱ्याला भीतीने वाकविणे म्हणजे काय, हे जो समाज स्वतःच्या पाठीवर शिकला, त्याने आपल्या सन्मानाची मिरवणूक दुसऱ्या जिवाच्या भीतीवर उभी करू नये. घोड्यावर बसण्याचा हक्क आपण मिळविला आहे. आता त्या घोड्याच्या तोंडातून काटे काढण्याचा पुढाकारही आपणच घ्यावा. हक्क कमी होत नाही. तो अधिक शोभून दिसतो.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. लग्नाची किंवा जयंतीच्या मिरवणुकीची सुपारी देताना घोडेवाल्याला आदराने विचारावे : लगाम कसला आहे, पाहू द्या. घोड्याचे वय काय? आज ही कितवी वरात? काटेरी लगाम असेल, कोवळे शिंगरू असेल, तर नम्रपणे नकार द्यावा. मिरवणूक उन्हे उतरल्यावर काढावी. घोडा डीजेपासून आणि फटाक्यांपासून दूर, पुढे चालवावा. पाण्याची बादली सोबत असावी. आणि त्याची मोहरकी त्याच्या ओळखीच्या माणसाच्याच हाती असावी. घोडेवालाही हातावर पोट असलेला माणूस आहे. त्याला शत्रू मानू नये. चांगली निगा राखणाऱ्याला चार पैसे अधिक द्यावेत. त्याच्या व्यवसायाची रीत दंडापेक्षा गिऱ्हाइकाच्या पसंतीने लवकर बदलेल. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी घोड्याशिवाय पायी चालावे. पायी चालणारा नवरदेव कोणापेक्षा उणा नसतो.

आता शाळेविषयी, कारण ही स्मरणिका शाळेची आहे. निवासी शाळेत दरवर्षी नवी मुले येतात. आईवडिलांपासून प्रथमच दूर, परक्या छपराखाली. काही मुले घरून माया घेऊन येतात; काही मार घेऊन येतात. हात उचलला की डोके झाकणारे मूल आणि मान झटकणारे शिंगरू यांची भाषा एकच आहे. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहे. पण मारायचे नाही, एवढ्याने विश्वास येत नाही. मार थांबला की फक्त जखम वाढणे थांबते. पुढचे काम शिंगरासारखेच आहे : तीच वेळ, तोच आवाज, दिलेला शब्द पाळणे, काही न मागता जवळ बसणे, आणि ते बोलेपर्यंत वाट पाहणे. एखाद्या दिवशी ते मूल पुन्हा बिथरेल. तेव्हा एक पायरी खाली उतरणे. उरलेला एक डोळा जपणे.

जातककथांत गिरिदंत नावाच्या अश्वशिक्षकाची गोष्ट आहे. वाराणसीच्या राजाचा पांडव नावाचा सुलक्षणी घोडा अकस्मात लंगडू लागला. वैद्यांनी तपासले, रोग सापडेना. बोधिसत्त्व त्या जन्मी राजाचे अमात्य होते. त्यांच्या ध्यानात आले की लगाम धरून पुढे चालणारा गिरिदंत स्वतः लंगडा आहे. हा मला असेच चालायला शिकवितो आहे, असे समजून घोडा त्याचे अनुकरण करीत होता. धडधाकट शिक्षक नेमला आणि घोडा सरळ चालू लागला. शरीराच्या व्यंगाकडे बोट दाखविणे हा या कथेचा हेतू आपण घेऊ नये. शिकणारा आपले शब्द ऐकत नाही, आपली चाल पाहतो, एवढा तिचा बोध घ्यावा. घोडा अडला, मूल अडले, की प्रथम त्याची नव्हे, पुढे चालणाऱ्याची तपासणी करावी. आपल्या चालीत राग आहे काय? घाई आहे काय? काल एक आणि आज दुसरे, असे आहे काय?

या शाळेतून बाहेर पडलेले अनेक जण आज शिक्षक, पालक, कार्यकर्ते, अधिकारी आहेत. प्रत्येकाच्या हाती कोणाचा ना कोणाचा लगाम आहे. तो धरताना चाबुकस्वार व्हायचे की सारथी, हे दररोज ठरवावे लागते. एकदा ठरवून भागत नाही. येत्या जयंतीला मिरवणुकीत घोडा असेल तर निघण्यापूर्वी त्याच्याजवळ जरा थांबावे. खांद्याच्या बाजूने जावे, आवाज न करता. त्याचे कान पाहावेत, त्याचे तोंड पाहावे. त्याने मान फिरविली तर रागावू नये. त्याने एक पाऊल आपल्याकडे टाकले, तर बुद्धवंदनेतला तो शब्द आपल्याला थोडा कळला, असे समजण्यास हरकत नाही.